जोर नको, दोरी हवी

(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी एका काचेविषयी बोलणार आहे. पिकअप गाडीच्या पुढच्या काचेविषयी. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, तुमचा जन्म शाळेत गेला. गाडीच्या काचेशी तुमचा काय संबंध?" विचारणे रास्त आहे. पण आजकाल गावात बैलगाड्या थोड्या आणि पिकअप फार. कांदा पिकअपमधून बाजाराला जातो. दूध जाते, भाजी जाते. येताना खत येते, पेंड येते. ज्या घरी अशी गाडी आहे, त्या घरची चूल तिच्यावर पेटते. गाडी चार दिवस दारात उभी राहिली, की चार दिवसांची मिळकत बुडते. म्हणून गाडीची निगा कशी ठेवावी, हे जाणणे म्हणजेही शिक्षणच आहे.

या गाड्या बहुधा जुन्या असतात. कोणाकडून तरी घेतलेल्या. पाच-दहा पावसाळे खाल्लेल्या. एखाद्या पावसात पुढच्या काचेच्या कडेने पाणी आत येऊ लागते. आधी एक थेंब, मग धार. काचेखालचा पत्रा गंजतो. पत्रा दुरुस्त करायचा तर काच काढावी लागते. आणि काढलेली काच पुन्हा बसवावी लागते.

ही काच घरी बसवता येते का? रबरात बसवलेली जुन्या पद्धतीची काच असेल तर येते. तीन माणसे, एक दोरी, साबणाचे पाणी आणि एक निवांत दिवस, एवढे त्याला पुरते. पण काच कशी धरली जाते हे समजून घेतले पाहिजे. न समजता बसवायला गेलो तर काच फुटते. किंवा ती फुटत नाही, नुसती बसल्यासारखी दिसते. हे दुसरे पहिल्याहून वाईट. फुटलेली काच डोळ्यांना दिसते. नीट न बसलेली काच दिसत नाही. ती धक्क्याची वाट पाहत असते.

ही काच साधी नव्हे

पुढच्या काचेचे काम काय? तुम्ही म्हणाल, वारा, धूळ आणि पाऊस अडवणे. खरे आहे. पण तिचे आणखी एक मोठे काम आहे. गाडी कशावर आदळली, तर आतला माणूस पुढे फेकला जातो. अशा वेळी कमरेचा आणि खांद्याचा पट्टा त्याला धरतो. पट्टा बांधावाच. पण त्याच्यापुढे शेवटची आड म्हणून ही काच असते. ती फुटली तरी जागेवर राहावी, तिचे सुरे होऊन तोंडात घुसू नयेत, अशी ती मुद्दाम बनवलेली असते.

पूर्वी असे नव्हते. पहिल्या मोटारगाड्यांना खिडकीला असते तशी साधी काच असे. अपघात झाला की तिचे धारदार तुकडे होत. आघाताने माणूस वाचला, तरी काचेने कापला जाई.

यावर उपाय सापडला तो फ्रान्स देशात. तिथे एदुआर बेनेदिक्त्यूस नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. असे सांगतात, की १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचे एक भांडे उंचावरून खाली पडले. भांड्याला तडे गेले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. त्यांनी निरखून पाहिले. भांड्यात पूर्वी एक रसायन ठेवलेले होते. ते वाळून आतून पातळ पापुद्रा धरला होता. त्या पापुद्र्याने तुकडे एकमेकांना धरून ठेवले होते. त्यावरून त्यांनी दोन काचांच्या मध्ये पापुद्रा घालून एक काच केली. १९०९ साली तिचे पेटंट घेतले.

आजची पुढची काच याच तत्त्वावर आहे. दोन पातळ काचा, आणि मध्ये चिवट प्लॅस्टिकचे पान. भाकरीच्या दोन पदरांमध्ये काही भरावे, तसे. दगड लागला तर तिला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण ती तिथेच राहते.

बाजूच्या खिडकीची काच बहुधा निराळी असते. ती तापवून आणि एकदम निववून कडक केलेली असते. ती फुटली की साखरेच्या खड्यांसारखे तिचे कण होतात. फार जुन्या गाडीला पुढेही अशी काच असू शकते. ती फुटते तेव्हा क्षणात सगळी पांढरी होते आणि पुढचे काही दिसत नाही. म्हणून पुढची काच बदलायची वेळ आली, तर दोन पदरी काचच घ्यावी.

आता तुम्हाला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे कोरलेली असतात. आजवर तुम्ही ती नक्षी समजून सोडून दिली असतील. तिथे आय. एस. ही दोन इंग्रजी अक्षरे आणि २५५३ हा आकडा पाहा. हा आपल्या देशाच्या मानकाचा आकडा आहे. आकडे नाण्यांवर असतात तसे इंग्रजी वळणाचे असतात, आणि ते तुम्ही रोज ओळखता. नवी काच घेताना दुकानदाराला सांगा, "जरा कोपरा दाखवा." काच दोन पदरी आहे का, हेही विचारा. अक्षरे वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला सहसा कोणी फसवत नाही.

पाटीची चौकट आणि काचेची चौकट

शाळेतली दगडी पाटी तुम्ही पाहिली आहे. तिच्याभोवती लाकडी चौकट असते. चौकटीला आतून खाच असते. त्या खाचेत पाटीची कड बसते. आपल्या काचेचेही तसेच असते. फरक एवढाच, की तिची चौकट रबराची असते. गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात.

या रबराला दोन खाचा असतात. एक खाच आतल्या अंगाला. तिच्यात काचेची कड बसते. दुसरी खाच बाहेरच्या अंगाला. तिच्यात गाडीच्या पत्र्याची कड बसते. म्हणजे रबर एका हाताने काच धरते आणि दुसऱ्या हाताने पत्रा धरते. काच आणि पत्रा एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. खडबडीत रस्त्यावर गाडीचा सांगाडा पिळवटतो, पण तो पीळ रबर सोसते. काचेपर्यंत जाऊ देत नाही.

काही रबरांना बाहेरच्या तोंडावर आणखी एक बारीक चर असते. तिच्यात एक वेगळी पट्टी ठोसलेली असते. ती पाचरीसारखे काम करते. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारली की पाते घट्ट बसते. तशी ही पट्टी बसली की रबर फुगते आणि काच आवळून धरते.

तुमच्या गाडीची काच रबरात आहे की चिकटवलेली आहे, हे आधी पाहा. केबिनमध्ये बसा. काचेच्या कडेला आतून प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती काढा. रबराचा ओठ पत्र्यावर चढलेला दिसला, तर काच रबरातली आहे. असा ओठ नसेल आणि काच काळ्या चिकट पदार्थाने थेट पत्र्याला चिकटवलेली असेल, तर थांबा. ते काम घरचे नव्हे. का नव्हे, ते पुढे सांगतो.

तयारी

घाईचे काम म्हणजे नुकसानीचे काम. आधी सामान गोळा करावे. गाडीच्या त्याच मॉडेलचे नवे रबर. साध्या करंगळीच्या निम्म्या जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी. काचेचा सगळा घेर दोरीने मोजावा आणि वर तीन हात दोरी जास्त ठेवावी. बादलीभर पाणी आणि थोडा साबण. घोटून गुळगुळीत केलेली बांबूची कामटी. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. पायांत जोडा हवाच. काचेच्या कामाला अनवाणी उभे राहू नये. लेकरांना लांब ठेवावे.

जुने रबर पुन्हा वापरण्याचा मोह होतो. ते बोटाने वाकवून पाहा. त्याला चिरा पडल्या असतील, ते लाकडासारखे कडक झाले असेल, तर ते टाकून द्या. ताठ रबर पत्र्याला धरत नाही. त्यातून पाणी आत शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

माणसे तीन असावीत. दोघे बाहेर, काच धरायला आणि दाबायला. एक आत, दोरी ओढायला. काच दहा-पंधरा किलो भरते. वजन फार नाही, पण पसारा मोठा. एकट्याने उचलली की कोपरा कुठे तरी आपटतो.

वेळ सकाळची, ऊन चढू लागल्यावरची. जागा सावलीची. थंडीत रबर आखडते. मग ते तासभर उन्हात टाकावे किंवा कोमट पाण्यात बुडवावे, म्हणजे मऊ होते.

काच काढताना

प्रथम वायपर काढावेत. काचेला आतून आरसा असेल तर तो सोडवावा. बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जुनी चादर पसरावी. रबराला बाहेरून पाचरपट्टी असेल तर ती उपसून काढावी.

काही जण आत बसून काचेला पायाने रेटा देतात. काच एकदम बाहेर येते खरी. पण एका टाचेचा सगळा जोर एका जागी पडतो, आणि दोन पदरी काचेला तडा जातो. चांगली काच वाया जाते. रबर नवेच घालायचे आहे ना? मग जुन्या रबराची दया कशाला? बाहेरच्या बाजूने ब्लेडने रबराचा ओठ चौफेर कापून काढावा. ओठ गेला की काच मोकळी होते. एकाने आतून तळहाताने हलके लोटावे आणि दोघांनी बाहेर झेलावी.

काढलेली काच फरशीवर किंवा दगडावर टेकवू नये. काच मध्यभागी धट्टी असते, पण तिची कड फार नाजूक असते. कडेचा एवढासा टवका उडाला, तरी पुढे त्यातूनच तडा धावतो. बाजेवर जाड गोधडी टाकावी आणि तिच्यावर काच ठेवावी.

आता काच उजेडात नीट पाहा. कड बोटमोजे घालून चाचपा. कडेपासून निघालेला तडा आहे का? टवका आहे का? कडेला पांढरे बुडबुडे दिसतात का? बुडबुडे म्हणजे दोन पदर सुटू लागल्याची खूण. यांतले काही आढळले, तर ती काच पुन्हा बसवू नका. बसवताना तिच्यावर दाब पडणारच, आणि तडा वाढणारच. तड्याची काच बसवून वाचवलेला पैसा हा पैसा वाचवणे नव्हे. आपल्या घरची माणसे त्या काचेमागे बसतात.

खरा वैरी गंज

काच निघाली की पत्र्याची कड उघडी पडते. पुष्कळ वेळा ती पाहून माणूस चकित होतो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्र्याची चाळण! रबराखाली पाणी साठते. ते वाळत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांत तर ते दिवसचे दिवस राहते. आत थेंब पडू लागतो तेव्हा आपण जागे होतो. पण गंज त्याच्या आधीपासून आपले काम करीत असतो.

म्हणून या कामाचा निम्मा वेळ पत्र्याला द्यावा. जुना चिकट मसाला खरवडून काढावा. तारेच्या ब्रशने गंज घासावा. मग पॉलिश पेपर मारावा. पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासावे. कडेला पोचा आला असेल, तर ती सरळ करून घ्यावी. एका जागी कड वर आलेली असली, तर काच तेवढ्याच जागी दाबली जाते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी "काही न लागता" तडा जातो. लोक म्हणतात, काचच खराब होती. काच खराब नसते, कड वाकडी असते.

पत्र्याला भोके पडली असतील, तर ती चिकट मसाल्याने बुजवू नका. डेंटरकडून नवा पत्रा जोडून घ्या. भोकाच्या जागी रबर कशाला धरणार? मग रेडऑक्साइडचा हात द्यावा, वर रंग द्यावा, आणि तो पुरता वाळू द्यावा. निदान एक दिवस थांबावे. ओल्या रंगावर रबर बसवले, तर ते रंग ओढून काढते आणि लोखंड पुन्हा उघडे पडते. एवढा दिवस थांबवत नाही, असे वाटते. पण शेणखत कुजण्याच्या आधी कोणी शेतात टाकतो का?

नेफ्यातली नाडी

आता मुख्य काम. आधी रबर काचेवर चढवावे. काच बाजेवर आहेच. रबराची काचेची खाच कोणती आणि पत्र्याची कोणती, हे ओळखावे. पाचरपट्टीची चर बाहेरच्या तोंडाला आली पाहिजे. कोपऱ्यांपासून सुरुवात करावी, कारण रबराचे कोपरे काचेच्या कोपऱ्यांसाठीच घडवलेले असतात. चारही कोपरे बसले की मधल्या बाजू दाबत न्याव्यात. रबर ताणू नये. ताणलेले रबर पुढे आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. रबर तुकड्यातून कापून घ्यायचे असेल, तर बोटभर जास्त ठेवून सांधा दाबून बसवावा. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नये.

मग दोरी. पत्र्याच्या खाचेत दोरी चौफेर घालावी. घागऱ्याच्या नेफ्यात नाडी असते ना, तशी. घरातल्या बायकांना हे सांगावे लागत नाही. नाडी ओवताना घाई केली तर ती आत गोळा होते, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून आत बसून दोरी ओढायला घरातली बाईच बसवावी, असे मी सांगतो. त्या कामाला हिसका लागत नाही, हात सावध लागतो.

दोरीची सुरुवात खालच्या बाजूला मधोमध करावी. पूर्ण फेरा झाला की शेवटचे टोक पहिल्या टोकावर हातभर चढवावे. दोन्ही टोके आतल्या बाजूला लोंबती ठेवावीत आणि काचेला आतून चिकटपट्टीने लावून ठेवावीत.

आता पत्र्याच्या कडेला आणि रबराच्या खाचेला साबणाचे पाणी लावावे. भरपूर लावावे. तेल, ग्रीस किंवा डिझेल लावू नये. त्याने रबर सरकते खरे, पण पुढे ते फुगते आणि कुजते. साबणाचे पाणी आपले काम करून वाळून जाते.

दोघांनी काच उचलावी. बाहेरून चौकटीसमोर धरावी. आधी खालची कड टेकवावी, मग वरची. दोन्ही बाजूंना अंतर सारखे आहे का, ते पाहावे. एका अंगाला सरकली असेल तर आत्ताच सरळ करावी. दोरी ओढल्यावर सरळ होत नाही.

बाहेरच्यांनी उघड्या तळहाताने काच आत दाबून धरावी. मुठीने ठोकू नये. आतल्या बाईने दोरीचे एक टोक हातात घ्यावे आणि हळूहळू ओढावे. ओढ काचेच्या मध्याकडे असावी. कडेच्या दिशेने लांब ओढली तर दोरी रबराला कापते. दोरी वितभर बाहेर आली, की तेवढ्या जागेचा रबराचा ओठ उलटून पत्र्यावर चढतो. पाहायला मोठी मौज वाटते. जे काम चार माणसांच्या रेट्याने होत नाही, ते एक दोरी करते. कारण रेटा सगळ्या काचेवर पडतो, आणि दोरी एका वेळी बोटभर रबर उचलते.

एका टोकाने मधून उजव्या कोपऱ्यापर्यंत जावे. मग दुसऱ्या टोकाने डाव्या कोपऱ्यापर्यंत. मग दोन्ही बाजू वर न्याव्यात आणि वरच्या बाजूला मधोमध दोन्ही ओढी मिळवाव्यात. आत दोरी जिथे निघते आहे, बाहेरच्याने नेमक्या तिथेच तळहाताने थापट्या द्याव्यात. दोघांनी एकमेकांशी बोलत राहावे. "आता उजवा कोपरा." "थांबा, ओठ अडकला." "हं, चढला." गप्प राहून हे काम होत नाही.

ओठ एखाद्या जागी दुमडला, तर बांबूच्या कामटीने सोडवावा. लोखंडी पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर काचेजवळ आणू नये. त्याचे टोक कडेला लागले, की काम संपले. दोरी मध्येच तुटली, तर जोर करून बसवण्याचा हट्ट धरू नका. काच बाहेर घ्या, दोरी पुन्हा घाला. अर्धा तास जाईल. काच मात्र वाचेल.

काच बसली की पाचरपट्टी घालावी. तिलाही साबणाचे पाणी लावावे आणि कामटीने चर उघडत उघडत ती दाबत न्यावी. हे काम कंटाळवाणे आहे. बोटे दुखतात. म्हणून काही जण म्हणतात, "राहू द्या, काच तर बसली." पट्टीवाचून रबर ढिले राहते. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली, की काच चौकट सोडू शकते.

पाण्याची परीक्षा

शाळेत वर्षाअखेर परीक्षा असते. काचेची परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्यावी. एक माणूस कोरडा वर्तमानपत्राचा कागद घेऊन आत बसवावा. बाहेरच्याने तांब्याने किंवा नळीने बेताचे पाणी सोडावे. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

पाणी आधी खालच्या कडेवर सोडावे, मग बाजूंवर, शेवटी वर. एकदम वरून ओतले, तर पाणी कोठून शिरले ते कळत नाही. पाणी वर शिरते, रबराच्या आतून वाहत जाते आणि खाली कोपऱ्यात दिसते. आपण कोपऱ्याला दोष देतो. खालून वर गेलो, तर चोर नेमका सापडतो.

गळती सापडली तर तिथला ओठ उचलून पाहा. तो दुमडला असेल. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये, कडक न होणारा, काचेसाठीचा मसाला थोडा भरला तर चालतो. पण हाताला येईल ते सिलिकॉन फासू नका. काही सिलिकॉनला वाळताना आंबट वास येतो. त्या आंबाने उघडे लोखंड गंजते. म्हणजे गळती झाकायला गेलो आणि गंज पेरून आलो.

मग गाडी थोडी फिरवून आणा. हौदा मोकळा ठेवा. सावकाश जा. घरी येऊन आतला ओठ सगळीकडे बोटाने तपासा. तो कुठे सुटला नसेल, तर काम पुरे झाले.

कुठे थांबावे

मंडळी, शहाणा माणूस दोन गोष्टी शिकतो. काय करावे ही एक, आणि कुठे थांबावे ही दुसरी.

काच थेट पत्र्याला चिकटवलेली असेल, तर तिथे थांबावे. अशा गाडीत तो काळा चिकट पदार्थच सगळा भार धरतो. पत्रा साफ कसा करायचा, त्याच्यावर आधी काय लावायचे, मसाला किती जाड द्यायचा, तो किती वेळात घट्ट होतो, हे सगळे ठरलेले असते. काही गाड्यांत अपघाताच्या वेळी हवेची उशी फुगते, आणि शेजारी बसलेल्या माणसापुढची उशी काचेचा आधार घेऊन उघडते. काच सुटली तर उशीही उपयोगाची नाही. हे काम त्या कामाच्या कारागिरालाच द्यावे. गाडी किती तासांनी चालवायची हे त्याला विचारावे, आणि तेवढे थांबावे.

पत्र्याची चाळण झाली असेल, तरी थांबावे. काचेला तडा असेल, तरी थांबावे. थांबणे म्हणजे हार नव्हे.

कायद्याचीही एक गोष्ट सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे. म्हणून पुढच्या काचेला काळा कागद लावू नये. देवाचे नाव, मुलाचे नाव, बैलाचे चित्र, हे सगळे हौद्याच्या फळीवर शोभते. ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे नको. आणि काच नवी घेतली, तर टोलची फास्टॅग चिकटपट्टीही नवी घ्यावी लागते. जुनी ओरबाडून काढली की ती फाटते आणि चालत नाही.

शेवटचे दोन शब्द

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? तालुक्याला गॅरेज आहे." जरूर जावे. कारागिराला त्याचे दाम द्यावे. पण त्याच्याकडे गेलात, तरी हे ज्ञान फुकट जात नाही. रबर नवे घातले का? गंज काढला का? पाचरपट्टी बसवली का? पाणी टाकून पाहिले का? हे चार प्रश्न विचारता आले, तर तुमचे काम नीट होईल. अडाण्याला नुसते "झालं" एवढेच ऐकायला मिळते.

आणि घरी बसवलीत, तर तिघे मिळून बसवा. बाहेरच्याने आतल्याचे ऐकावे, आतल्याने बाहेरच्याला सांगावे. नवऱ्याने बायकोचे "थांबा" ऐकले, तर काच वाचते. पुष्कळ घरी एवढीच गोष्ट कठीण असते.

जाताना एवढे लक्षात ठेवा.

कड आधी, काच मागून.
रबर नवे, दोरी गुळगुळीत.
साबण चालेल, तेल चालणार नाही.
तळहात चालेल, मूठ चालणार नाही.
तड्याची काच कधीही चालणार नाही.

या पाच ओळी वहीत उतरवून घ्या. आपल्या हाताने, आपल्या अक्षरात लिहा. अक्षर वाकडे आले तरी हरकत नाही. ती वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या पावसाळ्याआधी एकदा काढून वाचा, आणि वाचून झाले की काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहा.